‘तुम्हाला टार्गेट असतं का गं?’ : श्रद्धा सांगायची म्हणजे नेमकं काय करायचं

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना तोंडात येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ मी बरेच काढलेत, सगळे निघाले असतील असं नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट आहे. सकाळची विरार लोकल, लेडीज डबा. माझी एक मैत्रीण विरारला चढते आणि माझ्यासाठी जागा धरते, मी नालासोपाऱ्याला चढते. पाच वर्षं झाली या सवयीला. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग आम्ही दोघी मिळून ठरवतो, निर्मळच्या जत्रेतून मी तिच्यासाठी सुकेळी आणते, ती मला गौरीच्या फराळातल्या करंज्या. एवढी ओळख असूनही धर्म या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. गरजच पडली नव्हती.

तिच्या आईची केमो चालू आहे. त्या आठवड्यात वॉर्डमध्ये एक अनोळखी बाई आली, आईचा हात धरला, प्रार्थना केली. इथपर्यंत ठीक, आईलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तीच बाई परत आली आणि म्हणाली, उशाशी ठेवलेला देवाचा फोटो काढा, आमच्या प्रार्थनेला या, मग औषधांचीही गरज राहणार नाही. त्या रात्री आई झोपली नाही. फोटो काढला तर देव रागावेल आणि नाही काढला तर आजार जाणार नाही, अशा दोन भीतींच्या मध्ये ती म्हातारी बाई रात्रभर जागी.

हे सगळं सांगून मैत्रीण मला म्हणाली, “रागावू नकोस, पण खरं सांग. तुम्हाला चर्चमध्ये टार्गेट असतं का गं? महिन्याला इतकी माणसं, असं काही?”

मी हसले. आम्ही दोघी आयटीतल्या, टार्गेट म्हटलं की हसूच येतं. पण ती हसत नव्हती. मी “नाही गं” एवढंच म्हटलं आणि भाईंदरची खाडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. पाच वर्षांच्या मैत्रीणीला दोन शब्दांचं उत्तर! घरी आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. मी गासची, जन्मापासून कॅथलिक, दहावीपर्यंत दर रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेली. ‘प्रत्येक ख्रिस्ती माणसाने सुवार्ता सांगायची असते’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकलेलं. त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारल्यावर मात्र माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून आजचा भाग. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आधी इथे नीट मांडून बघते.

आधी मूळ गोष्ट. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, पुनरुत्थानानंतर येशू गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्यांना भेटतो आणि सांगतो, सर्व राष्ट्रांकडे जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. ही ती सुप्रसिद्ध आज्ञा. आता गंमत अशी, की त्याच्या आधीच्याच ओळीत मत्तय लिहून ठेवतो की त्या अकरांपैकी काहींना शंका होती. म्हणजे ही कामगिरी पूर्ण खात्री पटलेल्या तज्ज्ञांना दिलेली नाही. मला हे फार धीर देणारं वाटतं.

पण ती तर प्रेषितांना दिलेली आज्ञा, मग आपला काय संबंध? आपल्याकडे, वसईत, बहुतेकांचं मत हेच असतं, फक्त कुणी उघड बोलत नाही. प्रवचन फादरचं, प्रार्थना सिस्टरांची, आपण मिस्सा ऐकायची, फिस्टला मांडव घालायचा, वर्गणी द्यायची. याचं उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात मिळालं. स्तेफनाला ठार मारल्यावर यरुशलेममध्ये छळ सुरू झाला आणि लोकांची पांगापांग झाली. लूक तिथे स्पष्ट लिहितो की प्रेषित यरुशलेममध्येच राहिले आणि पांगलेले बाकीचे लोक जातील तिथे सुवार्ता सांगत गेले. म्हणजे पहिला प्रसार झाला तो घरदार सोडून पळालेल्या साध्या माणसांकडून. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

पुढे चर्चमध्ये धर्मगुरू आणि प्रापंचिक अशी भिंत उभी राहिली आणि शेकडो वर्षं टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) ती बरीचशी पाडली. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या कार्याविषयी एक स्वतंत्र दस्तऐवजच काढला. त्याचं सार असं, की ख्रिस्ती असणं आणि प्रेषितकार्य करणं या वेगळ्या गोष्टी नाहीत. हा हक्क आणि हे कर्तव्य बिशपने वाटून दिलेलं काम नव्हे, ते स्नानसंस्कार आणि दृढीकरण यांतूनच येतं. दृढीकरणाच्या दिवशी आपण नवे कपडे घालून रांगेत उभे राहतो, फोटो काढतो, बिर्याणी खातो, त्या दिवशी खरं तर हे आपल्या खांद्यावर येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली हेच आणखी सोप्या शब्दांत सांगितलं. चर्चमध्ये शिष्य वेगळे आणि मिशनरी वेगळे अशा दोन रांगा नाहीत, स्नानसंस्कार झालेला प्रत्येक जण दोन्ही आहे.

बरं, हे झालं कागदावरचं. आता आपल्या मातीतला एक माणूस घेऊ.

संत गोन्सालो गार्सिया. आमच्या गावचं चर्च त्याच्या नावाचं, वसईतलं कॉलेज त्याच्या नावाचं. पण त्याची गोष्ट विचारली तर आमच्यातले निम्मे लोक ‘जपानमध्ये क्रूसावर दिला’ यापुढे जात नाहीत. मीही जात नव्हते. हा जन्मला वसईत, १५५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली कोकणातली. वसईच्या किल्ल्यात जेझुइटांकडे शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे त्याने जपानी भाषा इतकी आत्मसात केली की धर्मशिक्षणाच्या कामात मिशनरी त्याच्यावर विसंबून राहू लागले. त्याला जेझुइट व्हायचं होतं. त्यांनी घेतलं नाही.

इथे जरा थांबू या. वर्षानुवर्षं काम करून घेतलं आणि प्रवेश दिला नाही. आपल्यापैकी कुणी असतं तर चर्चला कायमचा रामराम ठोकला असता. गोन्सालोने व्यापार सुरू केला. चांगला जमवला. धंद्यानिमित्त फिरत फिलिपिन्समध्ये मनिलाला पोहोचला आणि तिथे फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं. ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे. तो मिस्सा देऊ शकत नव्हता, पापनिवेदन ऐकू शकत नव्हता. पण १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचा वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा दुभाष्या म्हणून सोबत कोण? आपला वसईकर. परदेशी दरबारात दोन्ही बाजूंचं बोलणं त्याच्याच जिभेवर होतं.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली आणि धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गावोगाव धिंड काढली आणि ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवून भाले मारले. त्या २६ जणांची यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा चकित झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकीचे सतरा साधे जपानी प्रापंचिक. त्यांत स्वयंपाकी आहे, सुतार आहे, वैद्य आहे, बारा वर्षांचा मुलगा आहे. त्यांतले दोघे तर मूळ यादीत नव्हतेच. कैद्यांची वाटेत सोय बघायला निघाले होते, त्यांनाही पकडलं. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सगळ्यांना संत म्हणून घोषित केलं आणि गोन्सालो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडे कुणी सांगतच नाही, आणि मला तर तोच सगळ्यात मोठा वाटतो. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मिशनरी गेले, जे लपले ते मारले गेले. पुढची दोनशेहून जास्त वर्षं तिथे एकही धर्मगुरू नव्हता. तरी नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत शेतकरी आणि कोळी लोकांनी श्रद्धा जपली. गावात एक जण सणांचे दिवस लक्षात ठेवायचा, एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, प्रार्थना तोंडपाठ करून मुलांना द्यायच्या. मग परदेशी लोकांसाठी नागासाकीत ओउरा इथे एक चर्च बांधलं गेलं. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तिथे आले. त्यांतली एक बाई फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली की आमचं आणि तुमचं अंतःकरण एकच आहे, आणि मग विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे?

ते ओउराचं चर्च कुणाला अर्पण केलेलं? नागासाकीच्या त्या २६ हुतात्म्यांना. म्हणजे आपल्या गोन्सालोलाही.

आता वसईकडे या. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज फौज गेली, युरोपियन मिशनरीही गेले. किल्ल्यातली मोठमोठी चर्चेस ओस पडली, त्यांच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत, प्री-वेडिंगचे फोटो काढायला लोक जातात. श्रद्धा मात्र वाड्यांमध्ये राहिली, आमच्या कुपारी आणि वाडवळ घरांमध्ये. माझी आजी लाल लुगडं नेसते, संध्याकाळी सगळ्यांना ओढून रोझरीला बसवते. तिने आयुष्यात कुणाला ‘प्रचार’ केला नाही. पण ती नसती तर माझ्यापर्यंत काहीच पोहोचलं नसतं. श्रद्धा सांगणं म्हणजे आधी हे, घरच्या घरी.

इथे एक अडचणीची गोष्ट आहे, ती टाळली तर मैत्रिणीला दिलेलं उत्तर खोटं ठरेल. पोर्तुगीजांच्या काळात सगळं प्रेमानेच झालं असं नाही. विहिरीत पाव टाकला आणि पाणी प्यायलेले लोक वाळीत पडले, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. ती जशीच्या तशी घडली का, हा इतिहासकारांचा विषय. पण सत्तेचा दबाव होता, मंदिरं पाडली गेली, गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आलं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. त्याच काळात गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट मराठी शिकून अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहीत होता, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे ओवी. दोन्ही आपल्याच वारशात आहे, फक्त ओवीचा भाग सांगून चालणार नाही.

म्हणूनच आज चर्च काय म्हणतं ते महत्त्वाचं. ७ डिसेंबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने एकाच दिवशी दोन दस्तऐवज संमत केले. एकात म्हटलं की चर्च स्वभावानेच मिशनरी आहे. दुसरा धर्मस्वातंत्र्यावरचा. त्यात म्हटलं की श्रद्धा सांगताना जबरदस्तीचा किंवा आडमार्गाने मन वळवण्याचा वाससुद्धा येता कामा नये, आणि समोरचा माणूस गरीब किंवा अशिक्षित असेल तर जास्तच सांभाळावं. तसं केलं तर तो स्वतःच्या हक्काचा गैरवापर आणि समोरच्याच्या हक्काचा भंग. आता हे वाक्य घेऊन त्या वॉर्डमध्ये चला. केमो चालू असलेली बाई, रात्रीची वेळ, एकटी. तिला ‘फोटो काढा मग बरं वाटेल’ म्हणणं हे कॅथलिक शिकवणीप्रमाणे सुवार्ता सांगणं नाही. औषध सोडायला सांगणं तर नाहीच नाही. ती बाई कुठल्या पंथाची मला माहीत नाही, कदाचित तिचा हेतू मनापासूनचा असेल. तरीही ते चूक होतं, हे म्हणायला मला कुणाची परवानगी नको.

कायद्याचंही थोडक्यात सांगते, कारण ऑफिसमध्ये यावर नेहमी अर्धवट माहितीची भांडणं होतात. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्ही आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. आणि हे सर्व व्यक्तींना आहे, फक्त ख्रिस्ती लोकांना नाही. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य समोरच्यालाही आहे. हा निकाल अनेक ख्रिस्ती लोकांना खटकतो. मला स्वतःला त्यात एक गोष्ट पटते. माणसाला बदलणं हे माझं काम नाहीच, श्रद्धेच्या भाषेत ते देवाचं काम. माझं काम सांगण्यापुरतं.

पण मग सांगायचंच कशाला, गप्प राहून चांगलं वागलं तर? याबाबत आपल्याकडे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने एक वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं, शब्द लागले तरच वापरा अशा अर्थाचं. ते त्याच्या लिखाणात कुठेही नाही. त्याने १२२१ च्या नियमावलीत लिहिलं ते जास्त नेमकं आहे. मुस्लिमांमध्ये राहायला जाणाऱ्या ब्रदरांना त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, वाद घालू नका, सगळ्यांच्या सेवेत राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नका. दोन, देवाला रुचेल असं दिसेल तेव्हा शब्दाने सांगा. दोन्ही वाटा. पोप सहावे पॉल यांनीही १९७५ मध्ये हेच क्रमाने मांडलं. आधी जगणं असं असावं की शेजाऱ्याला प्रश्न पडावा, हा माणूस असा का? आणि प्रश्न पडल्यावर मात्र उत्तर द्यावं, नुसतं गप्प राहणं पुरत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रातही असंच आहे. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. ‘कुणी विचारलं तर’ हे त्यात आहे, आपण ते वाचतच नाही. न विचारता सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणं याला आमच्या क्षेत्रात स्पॅम म्हणतात. (मी टाकलेली आहेत. कॉलेजात होते.)

रेवरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १८९३ च्या सुमारास ते रेल्वेने राजनांदगावला चालले होते. डब्यात समोर एक युरोपियन बसलेला. संस्कृत काव्यावर गप्पा सुरू झाल्या, मग धर्मावर. उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि वाचा म्हणाला. टिळक वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. गप्पा, एक पुस्तक, आणि तो आपल्या वाटेने गेला. पाठपुरावा नाही, फोन नंबर नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या बाईचं जे झालं, ती ताटातूट, तो अपमान, ते वाचल्यावर ‘एक आत्मा जिंकला’ अशी भाषा तोंडात येत नाही. त्या स्वतः १९०० साली ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या वेळेने आणि स्वतःच्या विचाराने.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो. नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक. हरित वसईच्या आंदोलनात ते उभे राहिले तेव्हा मागे आलेल्या लोकांचा धर्म कुणी विचारला नाही, प्रश्न विहिरींचा आणि वाड्यांचा होता. ‘सुबोध बायबल’ त्यांनी असं लिहिलं की ख्रिस्ती नसलेल्या मराठी माणसालाही वाचता यावं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोध झाला, ते तरीही गेले, पाठदुखी घेऊन गेले. २५ जुलै २०२४ ला ते वारले. मला वाटतं वसईत या पिढीने पाहिलेलं श्रद्धा सांगणं ते हेच. आधी विहीर वाचवायला गेले, येशूबद्दल विचारलं तेव्हा येशूबद्दल बोलले, आणि मराठीत बोलले.

हे सगळं मी त्या मैत्रिणीला सांगितलं का? एवढं सगळं नाही, लोकलमध्ये तेवढा वेळ नसतो. सोमवारी तिला म्हटलं, “त्या दिवशी तू विचारलंस, मी नीट बोलले नाही.” मग सांगितलं की टार्गेट नसतं. सांगण्याची जबाबदारी असते, माझ्यावरही आहे, पण घाबरवून, आजारात गाठून सांगणं आमच्याच नियमात बसत नाही. त्या बाईबद्दल वॉर्डच्या सिस्टरकडे तक्रार कर, मी तुझ्याबरोबर येते. ती म्हणाली तक्रार केली आहे. थोडा वेळ गेला. मग मी एक गोष्ट सांगितली जी पाच महिने लपवून ठेवली होती, तिला आवडणार नाही या भीतीने. तिच्या आईचं नाव आमच्या घरच्या रोझरीत रोज असतं. आजी स्वतःहून घेते. तुला नको असेल तर थांबवते, म्हटलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मीरा रोड गेलं, दहिसर गेलं.

“आईला सांगू का?” तिने विचारलं.

“तू ठरव.”

बोरिवलीला गर्दी आत घुसली आणि आम्ही दोघी दोन बाजूंना गेलो. अंधेरीला उतरताना तिने लांबूनच ओरडून विचारलं, “आजीला माझ्या आईचं नाव नीट घेता येतं ना गं?”

येतं.